पल्लामापक कॅमेरा

पल्लामापक कॅमेरा : ज्या कॅमेऱ्यात वस्तूचे अंतर (पल्ला) प्रकाशीय रीतीने मोजणारी योजना बसविलेली असते व ती भिंगाच्या पुढेमागे होणाऱ्या हालचालीशी यांत्रिक रीतीने जोडलेली असते, त्यास पल्लामापक कॅमेरा म्हणतात. सुमारे १९३२ ते १९६० या काळात ३५ मिमी. फिल्मवरील वृत्तछायाचित्रणाचे व हौशी छायाचित्रणाचे हे एक प्रमुख साधन होते. पुढे एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्याने त्याची जागा बव्हंशी घेतली. एकविसाव्या शतकात फिल्मवरील छायाचित्रणाकडे नव्याने वळलेल्या लोकांमुळे या जुन्या कॅमेऱ्यांना पुन्हा मागणी आली आहे. बहुतेक नमुन्यांचे उत्पादन केव्हाच थांबलेले असल्याने ते वापरलेल्या स्थितीतच मिळतात. त्यामुळे त्यांची तुलना करताना मूळची गुणवत्ता पाहून भागत नाही; कॅमेरा कोठे व कोणत्या परिस्थितीत तयार झाला आणि मधल्या पन्नास-साठ वर्षांत त्याच्या भागांवर काय परिणाम झाला असेल, हेही पाहावे लागते.

तत्त्व व रचना : कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूस एकमेकींपासून काही अंतरावर दोन गवाक्षे असतात. एका गवाक्षातून वस्तू सरळ दिसते. दुसऱ्यातून येणारे प्रकाशकिरण आरशाने वा लोलकाने वळवून अर्धपारदर्शक आरशाच्या साहाय्याने पहिल्या प्रतिमेवर टाकले जातात. त्यामुळे दृश्याच्या मध्यभागी एका लहान ठिपक्यात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरविले की, त्याला जोडलेली तरफ आरसा किंवा लोलक किंचित फिरविते व दुसरी प्रतिमा सरकू लागते. दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळल्या म्हणजे भिंगाचे त्या वस्तूवर केंद्रीकरण झाले असे समजतात. भूमापनात त्रिकोणाचा पाया व कोन यांवरून दूरच्या वस्तूचे अंतर काढतात, तेच हे तत्त्व होय.

दोन गवाक्षांतील अंतरास आधारांतर म्हणतात. आधारांतर व दृश्यदर्शकाचे विवर्धन यांचा गुणाकार म्हणजे परिणामी आधारांतर. मापनाची अचूकता या राशीवर अवलंबून असते. प्रतिमा जुळविताना डोळ्याची चूक सुमारे ०·०००३ रेडियन धरल्यास अंतरातील चूक ही ०·०००३ गुणिले अंतराचा वर्ग, भागिले परिणामी आधारांतर इतकी येते. हे परिणामी आधारांतर ६२ मिमी. असल्यास ३ मी. अंतरावर सुमारे ४ सेंमी. चूक संभवते, ते केवळ १२ मिमी. असल्यास चूक २२ सेंमी.च्या आसपास जाते. चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असली, तरी भिंगाची क्षेत्रखोलीही साधारण त्याच प्रमाणात वाढते. म्हणून तुलनेत भिंगाचे केंद्रांतर व छिद्रमान निर्णायक ठरतात. ४० मिमी., एफ/१·७ या भिंगाची ३ मी. अंतरावरील क्षेत्रखोली प्रत्येक बाजूस सुमारे २८ सेंमी. असते, त्यामुळे १२ मिमी. परिणामी आधारांतरही त्यास पुरते. उलट १३५ मिमी., एफ/४ या भिंगाची खोली प्रत्येक बाजूस जेमतेम ६ सेंमी. असल्याने त्यास लांब आधारांतराचाच कॅमेरा लागतो.

छायाचित्र घेताना दृश्यापुढे आरसा उचलला जात नसल्याने या कॅमेऱ्याचा आवाज व हादरा कमी असतो, नेमक्या क्षणी दृश्य डोळ्यांआड होत नाही आणि मंद प्रकाशातही केंद्रीकरण करता येते. आरशासाठी जागा सोडावी लागत नसल्याने विशालकोनी भिंगे फिल्मच्या अगदी जवळ बसविता येतात. दृश्य भिंगातून न पाहता वेगळ्या गवाक्षातून पाहिले जात असल्याने काही दोषही येतात. जवळच्या वस्तूंच्या बाबतीत पराशयामुळे चौकट सरकते, दूरदर्शी भिंगांचा उपयोग मर्यादित होतो आणि भिंगावरील झाकण काढावयाचे राहून गेले, तर ते लक्षात येत नाही.

इतिहास : भिंगाशी जोडलेला पल्लामापक असणारा पहिला कॅमेरा ईस्टमन कोडॅक कंपनीने १९१६ साली बाजारात आणला. तो मोठ्या आकाराचा घडीचा कॅमेरा होता. चलच्चित्रपटाची ३५ मिमी. फिल्म वापरणारा लहान कॅमेरा जर्मनीतील वेट्‌स्लार येथील लाइट्स कारखान्यात ओस्कार बारनाक यांनी १९१३-१४ च्या सुमारास तयार केला. त्यात २४ × ३६ मिमी. मापाची चौकट योजिली होती व तीच पुढे सर्वमान्य झाली. महायुद्ध व त्यानंतरची आर्थिक दुरवस्था यांमुळे हा कॅमेरा ‘लायका’ या नावाने १९२५ सालच्या लाइपसिक येथील जत्रेत प्रथम विक्रीस आला. त्याचे भिंग माक्स बेरेक यांनी अभिकल्पित केले होते. पहिल्या लायकात पल्लामापक नव्हता. तो वेगळा घेऊन वर बसवावा लागे व त्यावर वाचलेले अंतर भिंगावर हाताने लावावे लागे.

१९३२ हे वर्ष या प्रकाराच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लाइट्सने जोडलेला पल्लामापक असणारा लायका-२ आणि ड्रेझ्डेन येथील त्साइस इकॉन कंपनीने काँटॅक्स हा कॅमेरा आणला. दोहोंमागील विचार भिन्न होते. लायका लहान व हलका होता, त्याची कापडी पडदा झडप आडवी सरके व भिंग ३९ मिमी. व्यासाच्या आट्यांवर बसे. काँटॅक्सची धातूच्या पट्ट्यांची झडप उभी सरके, भिंग बॅयोनेट जोडाने चटकन बदलता येई आणि आधारांतर सुमारे १० सेंमी. होते. लूटव्हिक बेर्टेले यांनी अभिकल्पित केलेले ५० मिमी., एफ/१·५ हे झोनार भिंग त्या काळी अतिशय तेजस्वी गणले जाई. १९३६ च्या काँटॅक्स-२ मध्ये दृश्यदर्शक व पल्लामापक एकाच गवाक्षात आले व झडपेची कमाल गती १/१,२५० सेकंद झाली. आट्यांच्या लायकात मात्र अखेरपर्यंत दोन वेगळ्या छिद्रांतून पाहावे लागे. कागदावर काँटॅक्स सरस होता. पण त्याची झडप गुंतागुंतीची होती, तर लायकाची रचना सोपी व दुरुस्तीस सुलभ होती. दोहोंतील हा फरक जुन्या बाजारात आजही जाणवतो.

या कॅमेऱ्यांमुळे छायाचित्रकार तिपाई सोडून घटनेच्या जवळ जाऊ शकला. आंरी कार्त्ये-ब्रेसाँ यांनी १९३२ पासून लायका वापरला. रॉबर्ट कापा यांनी ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्याची छायाचित्रे काँटॅक्स-२ वर घेतली. कार्त्ये-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात होते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली व त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या रात्रीची व अंत्ययात्रेची त्यांनी घेतलेली छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली.

सोव्हिएट संघात खारकॉव्ह येथे अनाथ व निराधार मुलांसाठी स्थापन झालेल्या श्रमवसाहतीत १९३४ पासून लायका-२ ची प्रतिकृती तयार होऊ लागली. ही वसाहत शिक्षणतज्ञ अंतोन माकारेंको यांच्या कार्यामुळे ओळखली जाते. फेलिक्स एडमुंडोव्हिच झेर्झिन्स्की यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्यास ‘फेड’ हे नाव मिळाले. युद्धानंतर मॉस्कोजवळील क्रास्नोगॉर्स्क येथे त्याच घराण्यातील ‘झोर्की’ची निर्मिती १९४८ मध्ये सुरू झाली. काँटॅक्सचा प्रवास याहून नाट्यपूर्ण आहे. १९४५ मधील बाँबहल्ल्यांत ड्रेझ्डेन उद्ध्वस्त झाल्यानंतर काँटॅक्सची निर्मिती येना येथे पुन्हा सिद्ध करण्यात आली व ती यंत्रसामग्री युद्धभरपाई म्हणून कीव्ह येथील आर्सेनल कारखान्यात नेण्यात आली. तेथे १९४७ पासून निघालेला ‘कीव्ह’ हा कॅमेरा अंतर्बाह्य काँटॅक्सच होता व किरकोळ फेरफारांनिशी त्याचे उत्पादन १९८० नंतरच्या दशकातही चालू होते. पश्चिम जर्मनीतील त्साइस इकॉनने १९५० मध्ये काँटॅक्स-२अ हा आटोपशीर नमुना नव्याने काढला. त्याचे उत्पादन १९६१ मध्ये थांबले.

जपानमध्ये १९३६ साली हान्सा कॅनन निघाला. त्याचे निक्कॉर भिंग व पल्लामापक निप्पॉन कोगाकू या कंपनीने पुरविले होते. याच कंपनीचा पहिला निकॉन १९४८ मध्ये आला. त्यात काँटॅक्ससारखा भिंगजोड व लायकासारखी कापडी झडप यांचा मेळ घातलेला होता. १९५० मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी निक्कॉर भिंगांनी कोरियातील युद्धाची छायाचित्रे घेतली व जपानी भिंगांकडे पाश्चात्त्यांचे लक्ष वेधले गेले.

लाइट्सने १९५४ मध्ये काढलेल्या लायका एम-३ ने या प्रकाराची परिसीमा गाठली. यात जवळजवळ प्रत्यक्ष आकाराचे दृश्य दाखविणारा एकत्रित दृश्यदर्शक, ५०, ९० व १३५ मिमी. भिंगांसाठी आपोआप बदलणाऱ्या व पराशय भरून काढणाऱ्या तेजस्वी चौकटी, बॅयोनेट जोड आणि फिल्म पुढे नेणारी तरफ होती. १९६६ पर्यंत याचे २ लाख २० हजारांहून अधिक नग तयार झाले. १९५७ मध्ये निकॉन एसपी निघाला. परंतु त्याच्याच सांगाड्यावर आधारलेल्या १९५९ च्या निकॉन एफ या एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्याने व्यावसायिकांना आपल्याकडे खेचले. यानंतर जपानी कंपन्यांनी पल्लामापकाचा उपयोग मुख्यतः स्थिर भिंगाच्या स्वस्त कौटुंबिक कॅमेऱ्यांत केला.

प्रमुख नमुन्यांची तुलना : जुन्या बाजारात आढळणाऱ्या कॅमेऱ्यांचे स्थूलमानाने चार गट पडतात.

(१) लायका एम मालिका : एम-३ चे आधारांतर सुमारे ६८·५ मिमी. व विवर्धन ०·९१ असल्याने ५० मिमी. व त्याहून लांब भिंगांस तो सर्वांत योग्य. मात्र त्यात ३५ मिमी.ची चौकट नाही. १९५७ च्या एम-२ मध्ये विवर्धन ०·७२ करून ही चौकट दिलेली आहे. १९६७ च्या एम-४ मध्ये फिल्म भरणे व गुंडाळणे सुलभ झाले. १९७१ च्या एम-५ मध्ये भिंगातून येणारा प्रकाश मोजणारा मापक आला व १९८४ च्या एम-६ मध्ये तो पूर्वीच्या लहान आकारात बसविला गेला. एम-६ मधील विद्युत् घट संपला, तरी झडप चालते. या मालिकेची किंमत सर्वांत जास्त असते व तीत वस्तुसंग्राहकांच्या हौसेचाही वाटा असतो; न वापरलेल्या, पेटीसह मिळणाऱ्या नगासाठी दिलेल्या जादा पैशाचा छायाचित्राशी काही संबंध नसतो.

(२) आट्यांचे लायका व जपानी कॅनन : लायका ३ मालिका खिशात मावेल एवढी लहान आहे, परंतु फिल्म तळातून भरावी लागते व तिचे टोक आधी लांब कापून घ्यावे लागते. १९५९ चा कॅनन पी व १९६१ चा कॅनन ७ हे त्याच आट्यांची भिंगे घेतात. दोहोंतही मागील दार उघडून फिल्म भरता येते व चौकटी दृश्यातच दिसतात. झडपेचे पडदे पातळ पोलादाचे असल्याने उन्हाने त्यांना छिद्रे पडत नाहीत. ते बोटाच्या स्पर्शाने चुरगळतात, पण थोड्याशा सुरकुत्यांनी काम अडत नाही. ३९ मिमी. आट्यांचे भिंग १ मिमी. जाडीच्या जोडकड्याने एम मालिकेवरही बसते, म्हणून या भिंगांवर केलेला खर्च पुढे वाया जात नाही.

(३) सोव्हिएट कॅमेरे : फेड-२ (१९५५) चे आधारांतर ६७ मिमी. म्हणजे जवळजवळ एम-३ एवढे आहे व मागील आवरण पूर्ण निघते. झोर्की-४ (१९५६) चा दृश्यदर्शक मोठा व स्वच्छ असून मंद गतीही मिळतात. मात्र झडप ताणल्यावरच गती बदलावी लागते, तसे न केल्यास यंत्रणा बिघडू शकते. कीव्हचे आधारांतर ९० मिमी. आहे. ज्युपिटर-८ व ज्युपिटर-३ ही भिंगे झोनारच्याच आराखड्यावर बनविलेली असून किमतीच्या मानाने त्यांचे काम उत्कृष्ट असते. या गटाची खरी अडचण म्हणजे नगानगांतील फरक. एकाच वर्षी निघालेल्या दोन कॅमेऱ्यांत एक निर्दोष व दुसरा सदोष निघू शकतो. म्हणून येथे नमुन्यापेक्षा हातातील नग तपासणे महत्त्वाचे ठरते.

(४) स्थिर भिंगाचे जपानी कॅमेरे : कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ (१९७२, ४० मिमी., एफ/१·७), यशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६, ४५ मिमी., एफ/१·७), मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस (१९६६, ४५ मिमी., एफ/१·८) आणि ऑलिंपस ३५ एसपी (१९६९, ४२ मिमी., एफ/१·७) हे यांतील उल्लेखनीय होत. यांची पाती झडप जवळजवळ निःशब्द असते. पहिली खरेदी म्हणून हा गट सर्वांत व्यवहार्य आहे. कॅनोनेट, मिनोल्टा व ऑलिंपस हे विद्युत् घटाशिवाय हाताने उद्भासन ठरवून वापरता येतात. यशिका इलेक्ट्रोची झडप विद्युत् मंडलाने नियंत्रित होत असल्याने घट नसताना ती एकाच ठराविक गतीने चालते. तिच्यातील रबराची एक लहान गादी कालांतराने विरघळते व उद्भासन चुकू लागते. हा या नमुन्याचा ठरलेला विकार आहे.

प्रकाशमापक व विद्युत् घट : सिलिनियमाच्या मापकाला घट लागत नाही, परंतु दीर्घकाळ प्रकाशात राहून त्याची संवेदनक्षमता घटते. कॅडमियम सल्फाइडाचे मापक १·३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या घटासाठी जुळविलेले असत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे असे घट आता मिळत नाहीत. त्यांच्याऐवजी १·५ व्होल्टचा अल्कली घट घातल्यास मापक प्रकाश जास्त दाखवितो व उद्भासन कमी पडते. शिवाय त्याचा दाब हळूहळू उतरत जातो. जस्त-हवा घट किंवा दाब कमी करणारे जोडकडे व चांदीच्या ऑक्साइडाचा घट हे त्यावरील उपाय होत. मापक बंद पडला एवढ्याच कारणाने चांगला कॅमेरा नाकारण्याचे कारण नाही. वेगळा मापक वापरता येतो.

खरेदीपूर्व परीक्षा : तपासणीचा क्रम दृश्यदर्शकापासून धरणे सोयीचे असते. मधला ठिपका स्पष्ट दिसला पाहिजे. अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा गेला असल्यास दुसरी प्रतिमा फिकी पडते व मुलामा पूर्ववत करणे खर्चाचे असते. एम-३ च्या लोलकाचा चिकटविलेला जोड धक्क्याने सुटल्यास ठिपका काळवंडतो. असा नग टाळावा. दूरच्या मनोऱ्यावर किंवा चंद्रावर कॅमेरा रोखून भिंग अनंत अंतरावर लावले असता दोन्ही प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. मग फितीने मोजलेल्या १ मी. अंतरावर तीच परीक्षा करावी. प्रतिमा आडव्या दिशेने थोड्या चुकत असतील, तर साधी जुळवणी पुरते. उभ्या दिशेने चुकत असतील, तर कॅमेरा पडला असण्याचा संभव असतो.

झडप १ सेकंदापासून कमाल गतीपर्यंत चालवून पाहावी. मंद गतींना अडखळणारी झडप वाळलेल्या वंगणाची खूण असते. भिंग काढून कापडी पडदे तीव्र दिव्यापुढे धरल्यास सूक्ष्म छिद्रे दिसतात. भिंग सूर्याकडे रोखून ठेवल्याने पडदा जळतो. काँटॅक्स व कीव्ह यांच्या झडपेच्या फिती तुटतात व त्या बदलणारे कारागीर थोडे असतात. पाती झडपेवर तेल चढलेले असल्यास पाती चिकटतात. मागील दाराच्या खाचेतील फोम चिकट झाला असेल, तर फिल्मवर प्रकाश झिरपतो. परंतु हा दोष अल्प खर्चात दूर होतो.

भिंगातून दिव्याकडे आरपार पाहिल्यास धूसरपणा, चिरा, जोड सुटल्याची इंद्रधनुषी वलये व बुरशीचे धागे दिसतात. मुंबई, कोकण व गोवा येथील पावसाळी हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यांत बुरशी विशेष आढळते. ती वेळीच पुसली न गेल्यास भिंगावरील लेप व काच कोरली जाते व तो व्रण कायम राहतो. चामड्याच्या पेटीत ओल धरून राहत असल्याने कॅमेरा पावसाळ्यात अशा पेटीत न ठेवता सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवावा. परावर्तनरोधी लेपाचा शोध त्साइसमध्ये १९३५ साली अलेक्झांडर स्माकुला यांनी लावला. त्यापूर्वीच्या भिंगांवर लेप नसल्याने त्यांची चित्रे समोरच्या उजेडात फिकी येतात. हा बिघाड नसून त्या काळच्या भिंगांचा धर्म होय.

बनावट नग : अनेक फेड व झोर्की कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव, सोनेरी मुलामा किंवा जर्मन सैन्याची चिन्हे कोरून ते दुर्मिळ लायका म्हणून विकले गेले आहेत. भिंग काढून पाहिल्यास फरक कळतो. लायकात पल्लामापकाच्या तरफेच्या टोकास लहान गोल चाक असते, तर सोव्हिएट कॅमेऱ्यात ते टोक चपट्या जिभेसारखे असते. अनुक्रमांक व रचना एकाच काळातील आहेत की नाहीत, हेही पडताळावे.

मूल्यमापन : पल्लामापक कॅमेऱ्यांचे उत्पादन पूर्णतः थांबलेले नाही. कोसिना या जपानी कंपनीने २००० ते २०१५ या काळात फोक्टलेंडर बेसा मालिका काढली. लायका कंपनीने २००६ मध्ये अंकीय एम-८ आणला व २०२२ मध्ये फिल्मवर चालणारा एम-६ पुन्हा निर्मितीत आणला. तथापि सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील नमुने जुनेच आहेत व त्यांचे सुटे भाग दुसऱ्या जुन्या कॅमेऱ्यांतूनच काढावे लागतात. दुरुस्ती जाणणारे कारागीर कमी होत चालल्याने नमुना ठरविण्यापूर्वी तो दुरुस्त करणारा कोणी जवळपास आहे का, याची चौकशी करणे व सफाई-जुळवणीचा खर्च किमतीत धरणे इष्ट असते. नामांकित पण बंद पडलेल्या कॅमेऱ्यापेक्षा नीट चालणारा साधा कॅमेरा अधिक उपयोगी पडतो. विक्रेत्याने मुभा दिल्यास एक फिल्म सर्व गतींवर, भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून व जवळच्या-दूरच्या वस्तूंवर वापरून पाहावी. धुतलेल्या फिल्मवरील पुरावा हा वर्णनापेक्षा नेहमीच विश्वसनीय असतो.